त्राओरेच्या रक्तातला विषाणू

सेगू शहरातल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आसेतू जाराने पट्टी पुन्हा उजेडात धरली. नको होती तीच रेघ उमटली होती. रक्तातल्या विषाणूची जनुकं वेगळी काढायची, यंत्रात त्यांच्या ढीगभर प्रती करायच्या आणि त्या पट्टीवर सोडायच्या. विषाणूने रूप बदललं असेल तर नेमकी इथे रेघ येते. झुमाना त्राओरेचा हिपॅटायटिस बी जुन्या गोळीला दाद देईनासा झाला होता. गोळी बदलली नाही, तर माणूस हातचा जाणार होता.

पण त्याला सांगायचं कसं? जारा आणि त्राओरे या दोन कुळांतले लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे भाऊबंद. भेटले की एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, गुलाम म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. जाराचा शब्द त्राओरेने खरा मानल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

"औषधाला जुमानत नाही?" मटण भाजून विकणारा झुमाना छाती फुगवून म्हणाला. "त्राओरेच्या रक्तातला आहे तो. कशाला जुमानेल?"

"चवळीखाऊ, ही रेघ बघ."

"पेनाने ओढलीस. तुझा आजाही असाच लबाड होता."

"मग दुसऱ्या कुणाला विचार."

दुसरा तंत्रज्ञ जारा, डॉक्टरीणबाई जारा, झाडूवालाही जारा. उरलं यंत्र. त्यावर कुणा टवाळाने खडूने 'जारा' लिहून ठेवलेलं. झुमानाने ते मोठ्याने वाचलं आणि पोट धरून हसला. रांगेतले पेशंटही हसले. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आसेतूला रडू यायच्या बेतात होतं.

तिने खुर्ची पुढे ओढली. "बसा, त्राओरेसाहेब. घरची मंडळी बरी आहेत ना?"

झुमानाचं हसू मावळलं. "हे काय बोलतेस?"

"पाणी घ्या."

"आसेतू, एक शिवी दे."

तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. झुमानाचा बाप गेला तेव्हाही जारांनी मयताला येऊन 'एक चवळीखाऊ कमी झाला' म्हणत सगळ्यांना हसवलं होतं. मरणातही न सुटलेली थट्टा आज सुटली होती.

"इतकं वाईट आहे?"

"हो, साहेब."

डॉक्टरीणबाईंनी दिलेली नवी गोळी टेबलावर होती. झुमानाने ती उचलून गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

"आता तरी म्हण."

"रोज घ्याल?"

"रोज घेईन. म्हण ना गं."

"चल, नीघ, चवळीखाऊ," आसेतू म्हणाली. तेव्हा कुठे झुमाना ओक्साबोक्शी रडला.