चांगल्या प्रसंगाचे शर्ट

माझा नवरा वेल्डर. ठिणग्यांनी त्याच्या शर्टांची पार चाळण झालीय, तरी घरीसुद्धा तेच घालून बसतो. दर नाताळला मी नवा शर्ट देते आणि तो "चांगल्या प्रसंगाला घालीन" म्हणत कपाटात कोंबतो. यंदा माप बघायला कपाट उघडलं, तर सहाच्या सहा शर्ट टाचण्यांसकट पडलेले. माझं डोकंच फिरलं. दुकानात गेलेच नाही. टाचण्या काढून सगळे धुतले, इस्त्री केली. कामाचे दोन जुने ठेवून बाकीच्यांची फडकी करून टाकली.

नाताळच्या सकाळी एक शर्ट चढवून तो कुरकुरला, "आता चांगल्या प्रसंगाला काय घालू?"

मी चहाचा कप पुढे सरकवला. "रोज मी तुझ्यासमोर बसते, तो काय वाईट प्रसंग आहे?"