व्हॉल्व्ह थंड असताना

आमच्या मुरुम गावात आवाजातलं कळतं ते फक्त मला, असं मीच गावभर करून ठेवलं होतं. दिवसभर आडत दुकानात तुरीचे भाव ऐकणाऱ्या माणसाची तेवढीच एक मिरवायची हौस. घरात काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर आहे. व्हॉल्व्ह तांबूस उजळले की पाहुणे गाणं सुरू व्हायच्या आधीच माना डोलवतात.

मठात प्रवचनासाठी नवा ॲम्प्लिफायर घ्यायचं ठरलं, तेव्हा मठाचे भीमाशंकरअप्पा माझ्याकडंच आले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुंडाप्पांनी ट्रान्झिस्टरचा एक ॲम्प्लिफायर स्वतः बांधला होता. त्यांना हे काम हवं होतं. मोबाइल आल्यापासून त्यांच्या दुकानाकडं कुणी फिरकत नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. अप्पा म्हणाले, "तुमच्या मशीनशेजारी लावून ऐकू. तुम्ही म्हणाल तसं."

रविवारी सगळे जेवायला आले. दोन्ही ॲम्प्लिफायर शेजारी ठेवून मधे एक बटण बसवलं. डावीकडं फिरवलं की स्पीकरमधून माझा वाजणार, उजवीकडं फिरवलं की गुंडाप्पांचा. वायरी मीच जोडल्या. गुंडाप्पा मदतीला उठले, तर म्हटलं, "तुम्ही बसा हो, नाजूक काम आहे."

एका बाईंनी गायलेलं शरणांचं एक भक्तिपर वचन लावलं. बटण डावीकडं. "बघा, बाई समोर बसून गातायत. याला म्हणतात ऊब." मग उजवीकडं. "आणि हा गुंडाप्पांचा. कोरडाठाक. बिनतेलाची चटणी."

सगळे हसले. गुंडाप्पांनी एकदा स्पीकरकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मान खाली घातली. काम सोलापूरच्या एका दुकानाला द्यायचं ठरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकावं म्हणून बसलो. गुंडाप्पा आपला ॲम्प्लिफायर न्यायला आले नव्हते. बटण डावीकडं फिरवलं. दोन्ही मशीनचा विजेचा बोर्ड चालू केला आणि बाई लगेच गायला लागल्या. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट तरी लागतं. माझे व्हॉल्व्ह अजून काळे होते, हात लावला तर गार. मी वायरी उलट्या जोडल्या होत्या. ऊब गुंडाप्पांची होती, बिनतेलाची चटणी माझी.

लाजेनं कान तापले. तसाच त्यांच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"व्हय," गुंडाप्पा म्हणाले. "पयल्या ओळीलाच कळलं. माझ्या हातचं मला वळखू येत न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या घरचं जेवून, तुमच्याच पाव्हण्यांम्होरं? कसं बोलावं, अण्णा. म्या वाट बगितली. म्हटलं, तुमच्या कानाला कळंल."

यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "आत्ताच अप्पांकडं जातो," मी म्हणालो, आणि खरंच निघालो.

भीमाशंकरअप्पा मठाच्या पायरीवर चार माणसांत बसले होते. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "सोलापूरला फोनच करतोय, मशीन पाठवा म्हणून. आल्यावर तुमच्याच हातानं चालू करायचं." फोन त्यांच्या हातात होता, नंबर अजून लावला नव्हता. चारही माणसं आदरानं माझ्याकडं बघत होती.

मी विचारलं, "कधीपर्यंत येईल?"