निळी पट्टी

“सही आहे या फायलीवर,” विनिता म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवून स्क्रीनकडे बघत बसली. “म्हणूनच अँटिव्हायरसनं पकडली नाही. सही खरी आहे.”

“खरी सही, मग येवढी घान कशी?” जनीनं विचारलं.

“सही नुसतं कोणी पाठवलं ते सांगते, मावशी. फायलीच्या पोटात काय आहे ते नाही सांगत.”

“मग ते मी तुला कालेजात न जाता सांगितलं आसतं. आमच्या जमिनीच्या कागदांवर पन सगल्या सह्या खऱ्याच व्हत्या.”

विनिता हसली. दिपिका हसली नाही. एसटी स्टँडमागच्या गल्लीतलं ते झेरॉक्सचं दुकान दिपिकाचं होतं, विनिता तिची कॉलेजातली मैत्रीण, आणि दारात शटरच्या दांड्याला हात लावून उभा होता तो जनीचा मुलगा, दिपिकाचा नवरा, परेश. आपला टेम्पो स्टँडवर सोडून तो भर सकाळी आला होता, आणि शटर ओढल्याशिवाय जायचं नाही असं ठरवून आला होता.

झालं होतं ते असं. बुधवारी शशिकलाबाई मास्तरीण मुलीचा अकरावीचा फॉर्म भरायला आल्या. फॉर्म अर्धा भरला तोच स्क्रीनच्या कोपऱ्यात अर्ध्या कपड्यांतली एक बाई आली. ती बंद केली तर दुसरी आली, तिला तेवढेही कपडे नव्हते. मास्तरीणबाई मुलीचे डोळे झाकून, फॉर्म टाकून निघाल्या. दोन दिवसांत ही गोष्ट भाजी बाजारातून फिरून टेम्पो स्टँडवर पोचली, आणि तिथं पोचेपर्यंत ‘परेशची बायको दुकानात बसून तसलंच बघते’ अशी झाली.

“बाजारात बायकोचं नाव निघायला लागलं तर दुकान पाहिजे कशाला?” परेश आल्यापासून चौथ्यांदा म्हणाला.

“दहा मिनिटं थांब ना रे,” विनितानं मान न वळवता सांगितलं. “कोणी काही बघितलेलं नाही. हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर आहे, आपोआप चित्रं टाकतं. कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीबरोबर आत शिरतं.”

तिनं फायलीवर उजवं बटण दाबलं, एक चौकोन उघडला, त्यात सह्यांचं पान काढलं. तिथं इंग्रजीत एक नाव होतं. “व्हँटोरा मीडिया. ना प्रिंटरवाले, ना स्कॅनरवाले. आपलं काय काम यांच्याशी? आता याच नावाच्या सहीच्या बाकीच्या फायली शोधू.”

जनी काउंटरला रेलून बघत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, मराठी दुसरीपर्यंतचं होतं. पण त्या नावाच्या सुरुवातीचं टोकदार अक्षर तिनं डोळ्यांत धरलं. विनिता एकेक चौकोन उघडायची. एका फायलीचं नाव हवामानाचं, एकीचं गाण्याचं, एकीचं तर चक्क संगणक साफ करणाऱ्याचं. चौथ्या चौकोनाला विनितानं पुढं सरकायला बोट उचललं तशी जनी म्हणाली, “थांब. ती बग, तोच मेला.”

“खरंच की. बरोबर, मावशी.”

“कपडे बदलून येतंय. थोबाड तेच.”

पाच फायली निघाल्या. पाचांची नावं वेगळी, सही एकाची. परेशसुद्धा दोन पावलं आत आला. जनीला वाटलं, निभावलं.

“आणि पाचही एकाच वेळी आल्यात,” विनिता वाचत गेली. “मंगळवार, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं. पडद्यावर परवानगीची चौकट आली असणार, आणि कोणीतरी ‘हो’ दाबलं.”

जनीच्या हाताखालचा काउंटर तिला एकदम थंड लागला.

दुपारी दीड ते तीन दुकानात जनी असायची. दिपिका तेवढ्यात लहानग्या प्रांजलला शाळेतून आणायची, जेवू घालायची. दोन वर्षं झाली. जनी दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढायची, लॅमिनेशन करायची, आणि दुकान आपल्या जिवावर चाललंय असं गल्लीत कोणाला सांगायचं राहिलं नव्हतं. चौकटीचं काय करायचं तेही दिपिकानं शिकवलं होतं. पिवळी पट्टी आली तर अनोळखी माणूस, ‘नाही’ दाबायचं. निळी आली तर सही केलेला, ओळखीचा माणूस, ‘हो’ दाबायचं. प्रिंटरची निळी चौकट जनीनं एकटीनं दोनदा निभावली होती.

“मंगळवारी दोन वाजता दुकानात कोण होतं?” परेशनं विचारलं.

“मी होते,” दिपिका म्हणाली.

ती कागदांचा गठ्ठा सरळ करत होती. तो आधीच सरळ होता.

“तू? दुपारची?”

“हो. मीच दाबलं असेल. घाईत.”

“बघ! मी काय बोल्लो?” परेश विनिताकडे वळला. “हिलाच समजत नाय तर दुकान काय चालवणार? दे चावी.”

मंगळवारी दिपिका शाळेत पालकसभेला गेली होती. जनीला ते पक्कं आठवत होतं, कारण जाताना तिनं साडी कुठली नेसावी ते जनीला विचारलं होतं, आणि जनीनं नाक मुरडलं होतं. आता जनी फक्त गप्प राहिली असती तरी पुरलं असतं. दिपिका मरेपर्यंत बोलली नसती. हीच गोष्ट जनीला झोंबली. आजवर तिनं कोणाचं उष्टं खाल्लं नव्हतं, आणि आता सुनेच्या खोटेपणाआड लपायचं?

“चावीला हात लावू नको,” ती मुलाला म्हणाली. “ती नव्हती. मी व्हते. माजं बोट ते.”

“आई, राहू द्या ना...” दिपिका पुटपुटली.

“तू गप. खोटं बोलायला पन येत नाय तुला.” जनी विनिताकडे वळली. “गंगाबायचा धवला लावला व्हता मी. कुनीतरी टाकलाय यात.”

नेरे गावाकडच्या लग्नांत जनीनं तीस वर्षं धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायले. ती धवलारीण गायला बसल्याशिवाय हळद लागत नसे. शेजारच्या गावची गंगाबाई तिच्याहून धाकटी. आता लग्नात डीजे आला, जनीचा गळाही बसला. गंगाबाईचा आवाज मात्र कोणीतरी टिपून ठेवला होता. जनीचा कोणी टिपला नव्हता.

“तिचा सूर कुटं घसरतो त्ये ऐकत व्हते,” जनी म्हणाली. “नाय घसरत. म्हनून परत ऐकायला गेले. हिरवं बटन व्हतं मोटं, त्ये दाबलं. मग चौकट आली. पट्टी निली व्हती. निली, म्हनून हो म्हनाले.”

परेश आईकडे वळला. आईनं चूक कबूल केलेली त्यानं कधी बघितली नव्हती.

“चूक माझी,” दिपिका म्हणाली. “मीच रंग शिकवला. नाव बघायला शिकवलं नाही.”

“मास्तरीणबायला फोन लाव,” जनी परेशला म्हणाली. त्यानं लावला. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, “मी जनी बोलतेय, परेशची आये. तुमच्या पोरीला जे दिसलं त्ये माज्या बोटानं आलं. माज्या सुनेचं नाव बाजारात घेतलंत, आता माजं घ्या. आनि फॉर्म भरायला या, उरलेला भरून देते ती.”

पलीकडून काय उत्तर आलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

विनितानं पाचही फायली काढल्या, संगणक बंद करून परत लावला. परेश टेम्पोकडे गेला. चावी काउंटरवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता दिपिका निघाली. “आई, बसा ना. आता नाव बघून दाबायचं, मी दाखवते,” ती म्हणाली.

“इंग्रजी नाव माज्यानं वाचून व्हनार नाय. वड शटर.”

दिपिकानं शटर ओढलं. जनी बाहेर पायरीवर बसली. पावणेदोनला कॉलेजातल्या दोन मुली मार्कशीट घेऊन आल्या.

“तीन वाजता या,” जनी म्हणाली.

“आजी, दोनच झेरॉक्स आहेत. तुम्ही काढून देता ना?”

“आदी देत व्हते,” जनी म्हणाली, आणि त्यांना जायला वाट व्हावी म्हणून पाय आत घेतले.