ओलांडलेला मेरुमणी

मित्रांनो, मी तुळशीची एक जुनी जपमाळ आहे. माझे मणी एकशेआठ. पण मला उजेडात धरून पाहाल तर एकशेसात मणी काळसर, गुळगुळीत दिसतील आणि एक मात्र फिकट, ओबडधोबड, तिरक्या भोकाचा. त्या एका मण्याची हकीकत सांगितल्याशिवाय माझा जीव हलका व्हायचा नाही. ऐकाल ना?

माझा जन्म वेळापूरचा. तिथल्या एका म्हाताऱ्याने वाळलेल्या तुळशींचे देठ तोडले, गिरमिटाने भोके पाडली आणि मणी घासून एका दोऱ्यात ओवले. शेवटी दोन्ही टोके जुळली तिथे त्याने एक मोठा मणी बसवला. त्याला म्हणतात मेरू. जप करताना बोट मेरूपाशी आले की माळ उलटी फिरवायची आणि पुन्हा सुरुवात करायची. मेरू कधी ओलांडायचा नाही. ओलांडला तर तो जप वाया गेला, असे म्हणतात.

बाकीचे मणी म्हाताऱ्याने तुकतुकीत केले, मेरू मात्र एका बाजूने मुद्दाम खडबडीत ठेवला. म्हणाला, "ह्यो बोटाला टोचाय पायजे. माणसाचं मन कुटंबी जातंय. बोटाला तरी कळू दे की!"

तर मित्रांनो, टोचणे हे माझे काम. देवाने मला एवढे एकच काम दिले होते.

मी सोलापुरात गोदावरीबाईंच्या घरी आले. त्यांचे यजमान आप्पा कचेरीत कारकून होते. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की गोदावरीबाई स्नान करून देवापुढे बसत. लाल कापडाची गोमुखी त्यांनी स्वतः शिवली होती. गोमुखी म्हणजे जपाची पिशवी. माळ आत, हातही आत. कुणाला दिसू नये म्हणून. त्यांचे बोलणे इतके हळू, की मांजरालाही त्या "जा हो" म्हणत आणि मांजर जात नसे.

आता माझा दोष सांगते. मला गाण्याचा फार नाद. भजनात टाळ वाजले की माझे मणी आपसूक एकमेकांवर आपटत. एकदा श्रावणात देवळात एक बुवा गायला बसले. त्यांची तान वर वर चढत गेली, तेव्हा गोदावरीबाईंचे बोट जप विसरून माझ्यावर ताल धरू लागले. तेवढ्यात मेरू आला. मी टोचले. त्या दचकल्या, त्यांनी मला उलटे फिरवले आणि कपाळाला लावले. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता! गाणेही ऐकले, कामही केले. पुढेही असेच जमेल, असे मला वाटले. तिथेच मी फसले.

त्या वर्षी घरात सून शकुंतला गरोदर होती. मुलगा गोपाळ कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरीला होता. त्याला अजून राहायला जागा मिळाली नव्हती, आणि शकुंतलेला माहेरी आई नव्हती. म्हणून ती सासूपाशीच. आधी दोनदा पाळणा आणून ठेवला होता, तो रिकामाच राहिला. या खेपेला सुटका सुखरूप व्हावी म्हणून गोदावरीबाईंनी चातुर्मासाचे नेम धरले. एक वेळ जेवायचे. रोज अकरा माळा जप करायचा. आणि नाटक-सिनेमाचे तोंड पाहायचे नाही.

नेमके भाद्रपदात जुन्या पत्र्याच्या नाटकगृहात देवाचा सिनेमा आला. तेव्हाचे सिनेमे मुके असत बरे का! जाहिरातीची बैलगाडी ताशा वाजवत गल्लीतून जायची. तिच्यावरच्या फळीवर पुरातून वर येणारा देव रंगवलेला. शकुंतला दाराआडून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहायची.

एके दिवशी शेजारची नागम्मा आली. तिच्या घरी माग होता, तेलुगू माणसे, पण मराठी झकास बोलायची. तिने शकुंतलेला विचारले, "काय गं, डोहाळे काय लागले? चिंच आणू?"

शकुंतला मान खाली घालून म्हणाली, "चिंच नको. तो देव वर येतो म्हणे... तेवढा बघावासा वाटतो."

नागम्मा हसत सुटली. "अक्का, ऐकलं का? पोटातलं बाळ सिनेमा मागाय लागलंय की!"

गोदावरीबाईंचा हात गोमुखीतच थांबला. डोहाळा मोडायचा नाही, अशी रीत. आणि नेमही मोडायचा नाही. त्यांनी आप्पांना विचारले. आप्पा पगडी खुंटीला लावत म्हणाले, "चातुर्मासात देव झोपलेला असतो ना? मग त्या पत्र्याखाली कोण आलाय ते एकदा बघूनच या."

"थट्टा नको हो," गोदावरीबाई म्हणाल्या. दोन दिवस त्यांनी विचार केला. मग त्यांनीच तोड काढली. सुनेला घेऊन जायचे, पण आपण डोळे मिटून जप करत बसायचे.

अशी मी सिनेमाला गेले.

बायकांची बसायची जागा पडद्यामागे, रंगमंचावरच होती. पुरुष पडद्यासमोर, आम्ही मागे. पडद्यावर पाणी शिंपडून तो ओला करत, म्हणजे चित्र मागूनही दिसे. ओल्या कापडाचा आणि गजऱ्यांचा वास कोंदला होता. खेळ दुपारचा, तरी दारे लावल्यावर आत काळोख झाला आणि पडदा एकाएकी जिवंत झाला.

मित्रांनो, खरे सांगते, मला तो सिनेमा आवडला. गोमुखीच्या तोंडातून मी पाहत होते. एक राणी वनात टाकलेली, कडेवर तान्हे मूल. राणीचे काम पुरुषाने केले होते. मनगटे पहिलवानासारखी, पण रडताना खांदे असे हलले, की आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नागम्मा मात्र कुजबुजली, "अक्का, रडून रडून राणीला दाढी उगवली की!" पेटीवाला राणीच्या अंगाईला आणि राक्षसाच्या लढाईला एकच चाल वाजवत होता. फक्त लढाईला जोरात. आणि पडद्याच्या पुढून एक माणूस खड्या आवाजात सांगायचा, "पाहा मंडळी, पूर चढला! आता मातेला कोण तारील?"

पूर खरेच चढला. राणीच्या गळ्याशी पाणी आले. शकुंतलेने सासूचा हात घट्ट धरला. गोदावरीबाईंचे डोळे मिटलेले होते, ते उघडले.

आणि पाण्यातून देव वर आला. मुकुट, माळा, हसरा चेहरा. सारे थिएटर उठून उभे राहिले, बायकांनी फुले टाकली. गोदावरीबाई उभ्या राहिल्या. त्यांचे बोट मण्यावरून मण्यावर भरभर धावत होते. मेरू जवळ आला. मला टोचायचे होते. पण मी त्या उजेडाकडे पाहत राहिले. मेरूचा खडबडीत भाग गोमुखीच्या तोंडाकडे, गुळगुळीत भाग बोटाकडे. मेरू मुकाट्याने सरकला आणि बोट पलीकडे गेले.

तेवढ्यात देवाने आशीर्वादाला हात वर केला. डावा हात.

"डावा!" गोदावरीबाईंच्या तोंडून निघाले. त्या मटकन खाली बसल्या. डाव्या हाताने कुणी प्रसादही देत नाही. मग देवाने आशीर्वाद डाव्या हाताने दिला तो का?

घरी येऊन त्यांनी पुन्हा अंघोळ केली आणि देवापुढे पुटपुटल्या, "चूक झाली रे रामा. पोरीच्या हट्टाला भुलले, नेम मोडला. तिच्या बाळावर डावा हात ठेवू नकोस." एवढेच. पण शकुंतला दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. 'पोरीच्या हट्टाला' हे शब्द तिने ऐकले.

दुसऱ्या दिवसापासून गोदावरीबाईंनी मौन धरले आणि अकराच्या एकवीस माळा केल्या. त्या रागावल्या नव्हत्या, भ्यायल्या होत्या. पण गप्प बसलेल्या माणसाची भीती दुसऱ्याला रागासारखीच दिसते. ताट पुढे ठेवायच्या, पण सुनेकडे बघायच्या नाहीत. शकुंतला अर्धी भाकरी खायची, अर्धी गाईला घालायची. तिचा चेहरा उतरला. नागम्मा येऊन म्हणाली, "अक्का, तुमचा देव बोलंना म्हणून तुमी बी बोलंना व्हय? पोरीकडं बघा जरा! पोटुशी बाई अशी वाळती कुटं?"

गोदावरीबाईंनी गोमुखी छातीशी धरली आणि डोळे मिटले.

मला सारे ठाऊक होते. डोहाळा शकुंतलेचा, पण चूक माझी. मी टोचले असते तर त्या भानावर आल्या असत्या, डोळे मिटून खाली बसल्या असत्या. पण मला तोंड नाही. त्यांच्या हातात फिरत मी ते बघत राहिले. नऊ दिवस.

नवव्या दिवशी सकाळी मी तुटले. दोरा जुना झाला होता, की माझ्यानेच सहन झाले नाही, ते रामाला ठाऊक. मणी देवघरभर उधळले, काही उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात घरंगळले. शकुंतला धावत आली आणि अवघडलेल्या अंगाने वाकून मणी वेचू लागली.

"वाकू नकोस गं, शकू!"

नऊ दिवसांनी निघालेला तो पहिला शब्द. गोदावरीबाईंना स्वतःचा आवाजही अनोळखी वाटला असावा. शकुंतला होती तिथेच खाली बसली आणि रडू लागली. मेरू तिच्या मुठीत होता.

"आत्याबाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"तिथे तुमचा मेरू ओलांडला गेला. तुमचा हात माझ्याच हातात होता, मेरू सरकला तो गोमुखीतून मला लागला. तुम्ही देवाकडे बघत होता. कसं सांगू? म्हटलं, देवच समोर आहे, तो घेईल समजून."

गोदावरीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "आणि नऊ दिवस तू हे पोटात ठेवलंस? मी तुला हट्टी म्हटलं, तरी?"

"माझ्यामुळेच आलात ना तुम्ही."

"म्हणून तर देवाने डावा हात दाखवला गं!"

"डावा?" शकुंतलेने डोळे पुसले. ती चौथीपर्यंत शिकलेली. "आत्याबाई, आपण पडद्यामागे होतो. मध्ये मध्ये पडद्यावर पाटी यायची, तिच्यावरची अक्षरंसुद्धा उलटी दिसत होती. मग हात सुलटा कसा दिसेल?"

तिने देव पुसायचे पातळ वस्त्र घेतले, त्यावर ओल्या गंधाने 'राम' लिहिले आणि खिडकीपाशी उजेडात धरले. "आता इकडून या. मागून बघा."

गोदावरीबाई मागे गेल्या. त्यांनी वस्त्राला बोट लावले, पुन्हा पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या. मग भिंतीला टेकून बसल्या. "म्हणजे त्याने उजवाच हात वर केला होता," त्या म्हणाल्या, "आणि मी तुझ्यापुढे नऊ दिवस तोंड फिरवून बसले."

त्या दिवशी त्यांनी दोन वेळा जेवण केले. एक वेळ जेवायचा नेम त्यांनी स्वतःहून मोडला, कारण शकुंतला एकटी जेवेना. तूप-भात कालवून त्यांनी तिला स्वतःच्या हाताने घास भरवले.

कार्तिकात मुलगी झाली. सुटका सुखरूप झाली, पण बाळ अगदी लहानखुरे. मनगटे काडीसारखी. सुईण म्हणाली, "पोरीच्या अंगात अन्न कमी पडलंय, बाई." गोदावरीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, मेरूसकट विरघळून जावे.

नागम्माने मागाचा मजबूत दोरा आणून मला नव्याने ओवले होते. पण एक मणी काही केल्या सापडला नाही. आप्पांनी अंगणातल्या तुळशीचा वाळका देठ घेऊन चाकूने मणी कोरला. कचेरीतला हात तो! मणी ओबडधोबड, भोक तिरके.

"काढून टाकू का? बोटाला टोचतोय," आप्पा म्हणाले.

"राहू द्या," गोदावरीबाई म्हणाल्या. "टोचूच दे."

आता तुम्हीच सांगा, मित्रांनो, मी या गोष्टीचे काय करू? ते बाळ आज शाळेत जाते. पडद्यावरचे देव आता बोलतात, गातात. गेल्या महिन्यात तिघी मिळून बोलपट पाहून आल्या. समोर बसून, बरे का, माडीवर. मला गोदावरीबाईंनी घरीच ठेवले. नात परत आल्यावर हात वर करून ओरडली, "माळे, उजवा! देवाने उजवा हात वर केला!" मला फार आनंद झाला. आणि त्या काडीसारख्या मनगटांची आठवणही झाली.

तुम्ही सिनेमे पाहा, नाटके पाहा, गाणी ऐका. मी अडवणार नाही. मला तर तो पूर अजून दिसतो. फक्त आपण पडद्याच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत, ते एकदा पाहून घ्या. आणि चूक आपली असेल तर तिचा भार दुसऱ्याच्या ताटात वाढू नका.

मी आता झिजले आहे. मेरूही गुळगुळीत झाला. तो फारसा टोचत नाही. पण तिरका मणी अजून टोचतो. जप करताना बोलू नये, असा नेम आहे. तरी रोज पहाटे, प्रत्येक माळेला, बोट त्या मण्यापाशी आले की गोदावरीबाईंचा जप थांबतो आणि गोमुखीतला हात तसाच ठेवून त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून हळूच विचारतात,

"शकू, काही खाल्लंस का गं?"

आणि आतून "हो आत्याबाई" असे आल्याशिवाय त्या मला पुढे सरकू देत नाहीत.