खालचं मशीन

धाकटीने पुन्हा एंटर दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. कर्सर लुकलुकत राहिला. तळघरातल्या सर्व्हरवर स्क्रिप्ट सुरू झाली होती, पण पुढे सरकत नव्हती. चूकही दाखवत नव्हती आणि संपतही नव्हती.

"रुसलं का?" पलीकडच्या टेबलावरून प्रोफेसरने विचारलं. आयुष्यात त्याने कुणाला शिकवलं नव्हतं. जाड चष्म्यामुळे नाव पडलेलं.

"तोंडच उघडत नाहीये."

तपासणीचे रिपोर्ट या स्क्रिप्टनेच वॉर्डात जात. आठवडाभर ते हाताने नेऊन पोचवून झाले होते, आता कुणाला दम उरला नव्हता. वर एका बाईचं ऑपरेशन रिपोर्टसाठी खोळंबलं होतं.

स्क्रिप्ट ताईची, तिच्या थोरल्या बहिणीची. ती रोज सकाळी तळघरात जाऊन स्वतः चालवायची. "इथूनच चालव की गं," म्हटलं तर म्हणायची, "तेवढेच पाय मोकळे होतात." मागच्या आठवड्यात ती गेली. अचानक. हा एक शब्द घरातल्या सगळ्यांनी काठीसारखा धरून ठेवला होता.

"लांबून चालवलं की कधीकधी ते काहीतरी विचारत असतं," प्रोफेसर म्हणाला. "आपल्याला दिसत नाही. ते बसतं बापडं उत्तराची वाट बघत. खाली जाऊन बघ."

तळघरात गारठा होता. खुर्चीच्या पाठीवर ताईची शाल तशीच. धाकटी टेकली ती काठावर, शाल न हलवता. अडकलेलं बंद करून तिने नव्याने सुरू केलं.

पडद्यावर एक ओळ उमटली.

सकाळची गोळी घेतलीस? हो / नाही

तिने ती ओळ कधीची आहे ते शोधलं. तीन वर्षांपूर्वीची. तीन वर्षं ताई समोर बसून डबा खात होती आणि स्वतःच्या गोळीबद्दल चकार शब्द न काढता हिच्या सर्दीपडशाची चौकशी करत होती.

तिने 'नाही' टाइप केलं.

मग आधी घे. मी थांबते.

टेबलावरचा फोन वाजला. प्रोफेसर होता.

"सापडलं का गं?"

"सापडलं."

"काय मागतंय?"

"काही नाही. उत्तर."

"मग दे की बाई! वरची माणसं ताटकळलीत."

तिने 'हो' टाइप केलं. रिपोर्ट भराभर सुटले. ताईपुढे खोटं बोलताना लहानपणापासून तिची मान खाली जायची. आत्ताही गेली.