विहिरीवरची सेवा

अकोल्याच्या सेवामंडळाचे चिटणीस गोपाळकृष्ण वकील सफाईचा फोटो काढायला सार्वजनिक विहिरीपाशी पोचले आणि जागीच थबकले. विहिरीभोवती कचऱ्याची काडी नव्हती! आजचे पाहुणे वक्ते, महायुद्धात इराकच्या आघाडीवर लढून आलेले बाळापूरचे हवालदार खुशालराव, लष्करी सवयीने तासभर आधी आले होते आणि त्यांनी एकट्यानेच सगळं लख्ख झाडून ठेवलं होतं.

आता परीटघडीचे पंधरा सभासद कोरे झाडू घेऊन फोटो कशाचा काढणार, कपाळाचा? चिटणीसांनी तातडीने उकिरड्यावरून दोन टोपल्या कचरा आणवला आणि स्वतः उभं राहून नीट पसरवून घेतला. फोटो झाला. झाडू टांग्यात गेले. कचरा तिथेच राहिला.

मग खुशालरावांना भाषणाला उभं केलं.

"मी बसऱ्याले होतो," ते म्हणाले. "तिथं खंदक खणणारे येगळे अन् फोटोत उभे राहणारे गोरे सायेब येगळे. तुमाले पाहून त्यायचीच याद आली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चिटणीसांनी गहिवरून अहवालात लिहिलं, "हवालदारसाहेबांनी आमची तुलना थेट गोऱ्या अधिकाऱ्यांशी केली."