पडद्याजवळचं स्टूल

अकोल्यात मोर्णेच्या काठी सिनेमाचा तंबू लागायचा, तेव्हा सिनेमा मुका होता आणि बोलायचा नत्थुजी. दिवसा नदीकाठच्या वावरात शेवंती-झेंडू पिकवायचा आणि दिवेलागणीला काठी घेऊन पडद्याजवळच्या स्टुलावर चढायचा. चित्रांच्या मधेमधे मजकुराच्या पाट्या येत. त्या त्याला वाचता येत नसत. अंगठेबहाद्दर गडी. पण अडलं होतं कुणाचं? पडद्यावर तलवार उपसली की हा गरजायचा, "आता तुही खैर नाई, भाड्या!" लोक शिट्ट्या मारत. बाजारात बाया एकमेकींना दाखवत, "तो पाय, बोलनारा माळी." या एका वाक्यावर तो बारा वर्षं जगला होता.

मग तो खेळ आला. ना तलवार, ना घोडा. एक बाप आणि त्याचा पंधरा-सोळाचा पोरगा. बसतात, ओठ हलवतात, पाटी येते. पुन्हा बसतात. नत्थुजी काय सांगणार, कपाळ?

"बाप बसला. पोट्टा बी... बसला."

"अबे, ते आमाले दिसून राहिलं!" मागून कुणी ओरडलं. "बोलून काय राहिले, ते सांग ना!"

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला. नत्थुजीचाच भगवंत, सातवीत शिकणारा. पाटी वाचत होता, न गरजता, सरळ. "'बाबा, मला शाळेतून का काढलं?'" तंबू गप्प झाला. पुढची पाटी, त्याच्या पुढची. शेवटी बाया पदरानं डोळे पुसत होत्या, आणि नत्थुजीकडं कुत्रंसुद्धा बघत नव्हतं.

तंबूचा मालक जानराव म्हणाला, "नत्थुजी, उद्यापासून पोट्ट्यालेच उभं करू. तुमाले बी आराम."

आराम मढ्याला असतो. घरी बायकोनं, मैनाबाईनं, पोराला एक भाकर जास्तीची वाढली, तीही नत्थुजीच्या डोळ्यांत सलली. बापानं लेकाचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या पायाखालचं स्टूल कधी कुणी ओढलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भगवंताला हारांना बसवलं. "लग्नाचे हायेत. शंभर. झाल्याबिगर उठू नोको."

"बा, पन तंबूत..."

"तंबूतलं मी पाह्यतो. मास्तर झाला का बे माहा?"

पाट्यांची त्याला फिकीर नव्हती. पोरानं वाचलेला शब्द न् शब्द काळजात रुतून बसला होता. तेच ओळीनं म्हणायचं. तीन पाट्या बिनचूक गेल्या. पण दुपारी फीत तुटली होती आणि जोडताना चौथी पाटी गळाली होती. न वाचणाऱ्याला ते कसं कळावं? तिथून त्याचं बोलणं पडद्याच्या एक पाटी मागं पडलं. पडद्यावर पोरगा रडत ओठ हलवी आणि नत्थुजी गरजे, "'मी तुझा बाप आहे!'"

तंबू हसून लोळला. "पोट्टाच बाप झाला, हो!"

नत्थुजी गर्रकन पडद्याकडं वळला. स्टूल डुगडुगलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ते घट्ट धरलं. भगवंत. बोटं झेंडूनं पिवळी झालेली. स्टुलावर चढला नाही. टाचा उंचावून त्यानं खाली वाकलेल्या बापाच्या कानात पाटी सांगितली.

नत्थुजीनं ती म्हटली. दुसरं करणार काय? हसू थांबलं. पुढची आली, तीही म्हटली. पुन्हा पदर डोळ्यांना लागले. "वा नत्थुजी!" कुणी ओरडलं, टाळ्या पडल्या, आणि एकेक टाळी त्याला थोबाडीत बसल्यासारखी लागली.

शेवटची पाटी आली. कालपासून ती त्याला ठाऊक होती. पडद्यावरच्या बापानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला होता.

भगवंत कानात म्हणाला, "'तू माझ्याहून मोठा झालास रे.'"

तंबू वाट बघत होता. पोराला वाटलं, बापाला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"आयकू आलं मले," नत्थुजी दात आवळून म्हणाला. मग लोकांकडं वळून त्यानं काठी आपटली, "सपला खेळ! घरी जा सारे!"

लोक उठले, कंदील हलले, तंबू रिकामा झाला. नत्थुजी स्टुलावरून उतरला नाही. आणि भगवंतानं धरलेलं स्टूल सोडलं नाही.